सायडर डोनट : पहिल्या घाण्यापासून एका दिवसाच्या परवान्यापर्यंत

मॅसॅच्युसेट्समध्ये राहणाऱ्या माणसाला सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी हमखास विचारते, की यंदा सफरचंदे तोडायला कधी जाणार. आम्ही बॉस्टनच्या पश्चिमेला एका लहान गावात राहतो. तिथून स्टो, बोल्टन, हार्वर्ड ही बागांची गावे जवळ असल्याने गेली नऊ वर्षे आम्हीही न चुकता जातो. तिथे पोहोचल्यावर मुले झाडांकडे धावतात आणि मोठी माणसे डोनटच्या रांगेत उभी राहतात, हे मात्र मला बऱ्याच उशिरा लक्षात आले.

ते लक्षात आले २०२३ साली. त्या वर्षी १८ मेच्या पहाटे न्यू इंग्लंडमध्ये कडाक्याचा गारठा पडला आणि अनेक बागांमधली नुकती धरलेली फळे गोठून गेली. आम्ही सप्टेंबरअखेर गेलो, त्या बागेत स्वतः फळे तोडण्याची सोय बंद असल्याची पाटी होती. तरीही गाडी लावायला जागा मिळत नव्हती, कारण आत डोनट चालू होते. काचेपलीकडे एक यंत्र तापलेल्या तेलात पिठाची कडी सोडत होते. ती कडी तरंगत पुढे सरकत होती, मध्यावर आपोआप उलटत होती आणि शेवटी जाळीवर येऊन पडत होती. पुढे एक तरुण मुलगा ती दालचिनीच्या साखरेत घोळवून कागदी पिशवीत टाकत होता. सहा डोनटांची पिशवी हातात येईपर्यंत तिच्या तळाशी तेलाचा डाग पसरून कागद अर्धपारदर्शक झाला होता. बाहेरच्या बाकावर गांधीलमाश्या हाकलत आम्ही ते खाल्ले. वरचे कवच किंचित कुरकुरीत, आत मऊ, जायफळाचा वास आणि घास संपत आल्यावर जिभेच्या कडेला जाणवणारी बारीकशी आंबट चव. ती आंबट चव कुठून येते, या प्रश्नाने माझे पुढचे वर्ष खाल्ले.

इथे एक खुलासा करायला हवा, कारण भारतातून आलेले पाहुणे 'सायडर' हा शब्द ऐकून मुलांच्या हातातला पेला काढून घेतात. इंग्लंडमध्ये सायडर म्हणजे सफरचंदाचे मद्य, पण अमेरिकेत नुसते सायडर म्हटले की न गाळलेला, न आंबवलेला, तपकिरी आणि गढूळ रस असा अर्थ होतो, आणि आंबवलेल्या प्रकाराला 'हार्ड' हे विशेषण लावावे लागते. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळाचा या शब्दाच्या अर्थावर बराच परिणाम झाला, असे मानले जाते. या रसात पीठ भिजवण्याची पद्धत शेतांवरच्या घरांमधून चालत आलेली असेलही, परंतु 'सायडर डोनट' हे नाव लावून तो पदार्थ बाजारात आणला तो डोनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीने, १९५१ साली, शरद ऋतूतील विक्री वाढवण्यासाठी. डोनट तळण्याचे स्वयंचलित यंत्र न्यूयॉर्कमध्ये बनवणारे ॲडॉल्फ लेविट हे या कंपनीचे संस्थापक. म्हणजे ज्याला आपण बागेची जुनी परंपरा समजून फोटो काढतो, ती अर्धी तरी जाहिरातीची करामत आहे. मला हे कळल्यावर डोनट कमी आवडला असे मात्र झाले नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये गावच्या वाचनालयाच्या मदतनिधीसाठी काम करणाऱ्या समितीने १९ ऑक्टोबरच्या शरद मेळाव्यात खाद्यपदार्थांचा एक ठेला लावायचे ठरवले. बैठकीत कोणीतरी सायडर डोनट सुचवले, आणि मी घरी एकदा करून पाहते, असे म्हटल्यामुळे ते काम माझ्या गळ्यात पडले. त्या क्षणापर्यंत मी आयुष्यात एकही डोनट तळलेला नव्हता. माझ्या बाजूने एकच गोष्ट होती. माझ्या सासूबाई जुलैपासून सांगलीहून आमच्याकडे आलेल्या होत्या आणि त्यांचे पन्नास दिवाळ्यांचे तळण माझ्या पाठीशी होते.

पहिला प्रयोग रविवारी, १५ सप्टेंबरला केला. गॅलनभर सायडर साडेदहा डॉलरला आणले होते, आणि कृतीत दुधाऐवजी सायडर घालायचे एवढेच मला समजले होते. तसे केले. डोनट झाले, पण चव फक्त दालचिनीची. सफरचंदाचा मागमूस नव्हता. यामागचे कारण नंतर उलगडले. अर्ध्या किलोच्या आसपास पिठात मावणारा अर्धा पेला रस चवीला पुरत नाही, आणि जास्त घातला तर पीठ लाटण्याजोगे राहत नाही. म्हणून रस आटवावा लागतो. व्हरमाँटमध्ये हा आटवलेला रस, म्हणजे उसाच्या काकवीसारखा दाट पाक, पिढ्यान्‌पिढ्या करतात आणि बाटल्यांतून विकतातही. आटवताना पाणी जाते, साखर आणि आम्ल दोन्ही एकवटतात. मला हवी असलेली आंबट चव त्या आम्लाची होती.

दुसऱ्या वेळी मी आटवला, पण फोनवर बोलता बोलता. पातेल्याच्या तळाशी काळपट चिक्की तयार झाली आणि ती काढायला रात्रभर पाणी घालून ठेवावे लागले. तेव्हापासूनची माझी पद्धत अशी : ३६० मिलिलिटर रस रुंद पातेल्यात घ्यायचा आणि मध्यम आचेवर ठेवायचा. सुरुवातीला दोनदा मापून किती उरला ते पाहायचे आणि साधारण ८० मिलिलिटर राहिला की उतरवायचा. आमच्या शेगडीवर याला वीस ते पंचवीस मिनिटे लागतात. शेवटच्या पाच मिनिटांत बुडबुडे मोठे आणि आळशी होतात. तिथून पुढे पातेल्याजवळून हलायचे नाही. पारदर्शक, गाळलेला डबाबंद रस वापरून पाहिला तर पाक नुसता गोड होतो, त्यामुळे सायडरच घ्यावे. सायडरमध्ये एकाहून अधिक जातींची फळे घालतात. मॅकिंटॉश जातीच्या सफरचंदांचा आंबटपणा असला की पाकाला धार येते, असे बागेतल्या बाईंनी सांगितले आणि माझाही अनुभव तसाच आहे.

तिसरा प्रयोग सासूबाईंच्या हातचा. त्यांनी पीठ पाहिले, चिकट वाटले, मूठभर मैदा आणखी घातला आणि पोळ्यांच्या कणकेसारखे छान मऊसूत मळून दिले. डोनट इतके चिवट झाले की माझ्या मुलीने एक कुत्र्याला घालू का म्हणून विचारले. आमच्याकडे कुत्रा नाही. इथे मळायचेच नसते. कोरडे आणि ओले एकत्र करून पीठ जेमतेम गोळा झाले की थांबायचे, कारण मळल्याने मैद्यातला चिवटपणा जागा होतो. चिकटपणावरचा उपाय जास्तीचा मैदा नव्हे, थंडी हा आहे. पीठ ताटावर पसरून, वर कागद घालून निदान एक तास शीतकपाटात ठेवले की ते मुकाट्याने लाटले जाते.

चौथ्या खेपेला प्रमाण बसले, ते असे. ४४० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम साखर, ५५ ग्रॅम लोणी, दोन अंडी, १०० मिलिलिटर बटरमिल्क, आटवलेला ८० मिलिलिटर रस, दोन चमचे बेकिंग पावडर, एक चमचा खाण्याचा सोडा, अर्धा चमचा मीठ, एक चमचा दालचिनी आणि पाव चमचा ताजे किसलेले जायफळ. बटरमिल्क म्हणजे आपले ताक असे समजून मी एकदा घरचे ताक घातले होते, पण दुकानातले बटरमिल्क विरजण लावून घट्ट केलेले असते आणि आपले ताक पाण्यासारखे असते, तेव्हा पर्याय हवाच असेल तर फेटलेले आंबट दही जवळचे. रसातील आणि बटरमिल्कमधील आम्ल सोड्याशी भिडून वायू तयार होतो आणि डोनट हलका होतो. सुमारे सव्वा सेंटिमीटर जाडीची पोळी लाटून आठ सेंटिमीटरच्या साच्याने कापले, उरलेले तुकडे पुन्हा एकदाच लाटले, तर अठरा नग होतात. मधले गोळे वेगळे तळावेत. ते घरातल्यांनी उभ्या उभ्याच संपवायचे असतात.

राहिले तळण. मी पुस्तकी आकड्याप्रमाणे तेल ३७० फॅरनहाइटला, म्हणजे साधारण १८८ सेल्सिअसला आणण्यासाठी थर्मामीटर लावून बसले होते. सासूबाईंनी पिठाचा कण तेलात टाकला, तो लगेच वर आला, आणि "अगं झालं तापून, सोड आता," असे म्हणून त्यांनी सहा डोनट एकदम सोडले. शीतकपाटातून काढलेले सहा थंडगार गोळे पडल्याबरोबर काटा १६० सेल्सिअसच्या खाली गेला. डोनट फुगण्याऐवजी पसरले, वरून तडकले आणि तेल प्याले. त्यांनी झाऱ्यावर एक उचलून पाहिला आणि म्हणाल्या, "हसले गं सगळे. अनारसे असते तर उचलून फेकले असते." तळणीतला पदार्थ तेलात असा पसरून तडकला, की तो हसला म्हणतात. पुढच्या घाण्यात चारच सोडले, एका बाजूला साठ ते सत्तर सेकंद आणि दुसऱ्या बाजूलाही तितकेच, आणि घाण्या-घाण्याच्या मध्ये तेल परत तापेपर्यंत दीड मिनिट थांबलो. एक-दोन किंचित हसलेले निघाले, बाकीचे गोल आणि सोनेरी. साखरेत घोळवायची वेळही महत्त्वाची. काढल्याबरोबर घोळवले तर साखर विरघळून ओली होते आणि पूर्ण निवले तर चिकटत नाही. अर्ध्या मिनिटाने, हाताला सोसेल इतपत गरम असताना घोळवावे.

सासूबाई अंडे खात नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी अंड्याऐवजी चक्का घालून केलेला एक वेगळा घाणा दर वेळी काढला. तो जरा जड होतो, पण चवीत उणा नाही. त्यांचे मत असे पडले, की याला वेलदोडा हवा होता.

आता कागदपत्रांकडे वळते, कारण खरी दमछाक तिथे झाली आणि असे काही करू पाहणाऱ्याला त्याचीच माहिती मिळत नाही. माझी कल्पना अशी होती, की घरी डोनट तळावेत, डब्यात घालून न्यावेत आणि विकावेत. १८ सप्टेंबरला गावच्या आरोग्य कार्यालयात फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितले, की घरच्या स्वयंपाकघरात केलेले पदार्थ विकायचे तर त्याचा निराळा परवाना लागतो, त्यासाठी घराची तपासणी होते आणि आमच्या गावात त्या परवान्यावर तळण करू देत नाहीत. मेळाव्यात जागेवर तळायचे असेल तर एका दिवसाचा तात्पुरता खाद्यपरवाना घ्यावा, अर्ज निदान चौदा दिवस आधी द्यावा, आणि तळण असल्यामुळे अग्निशमन दलाची सही वेगळी आणावी. इथे एक सूचना, जी मला कोणी दिली नव्हती. मॅसॅच्युसेट्समध्ये हे अर्ज प्रत्येक गावाचे आरोग्य मंडळ स्वतंत्रपणे हाताळते, म्हणून शेजारच्या गावातल्या मैत्रिणीचा अनुभव उपयोगी पडेलच असे नाही. पहिला फोन आपल्याच गावात करावा, आणि तोही शुक्रवारी करू नये. आमचे कार्यालय शुक्रवारी दुपारी साडेबाराला बंद होते.

अर्ज चार पानांचा होता. मी तो सोमवारी, २३ सप्टेंबरला दिला. सासूबाईंनी आदल्या दिवशी पितृपक्ष चालू असल्याची आठवण करून दिली होती आणि मी दुर्लक्ष केले होते. शुक्रवारी, २७ तारखेला अर्ज परत आला. चार त्रुटी होत्या. ठेल्याचा आराखडा जोडलेला नव्हता. पीठ कुठे भिजवणार, या रकान्यात मी 'घरी' असे प्रामाणिकपणे लिहिले होते, ते चालत नव्हते. सायडर निर्जंतुक केलेले आहे का, याचे उत्तर नव्हते. आणि तळणाचे तेल म्हणून मी सवयीने शेंगदाणा तेल लिहिले होते, त्याखाली लाल शाईने रेघ मारून, ॲलर्जीचा विचार करून पुन्हा ठरवावे, असे लिहिले होते. सासूबाई काहीही बोलल्या नाहीत. फक्त भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिले.

शेंगदाण्याची चूक माझ्या ध्यानात यायला हवी होती. माझ्या मुलीच्या वर्गात दोन मुलांना ती ॲलर्जी आहे. तेल कॅनोलाचे केले. सायडरच्या प्रश्नामागेही कारण होते. नव्वदच्या दशकात निर्जंतुक न केलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय जिवाणूंची लागण झाली होती, १९९६ मध्ये एका मुलीचा मृत्यूही झाला, आणि त्यानंतर संघराज्याच्या पातळीवर रसाचे नियम कडक झाले. आता दुकानांत मिळणारे सायडर उष्णतेने किंवा अतिनील किरणांनी निर्जंतुक केलेले असते, आणि बागेत तसेच विकत असतील तर बाटलीवर इशारा छापावा लागतो. मी तर ते वीस मिनिटे उकळणार होते, तरीही बाटलीवरच्या पट्टीचा फोटो जोडा, असे त्यांनी सांगितले. मी जोडला. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा फोटो काढणे स्वस्त पडते.

सर्वांत अवघड होते ते स्वयंपाकघर. पीठ परवानाधारक स्वयंपाकघरातच भिजवावे लागते. समितीतल्या एका काकांच्या ओळखीने गावातल्या चर्चचे स्वयंपाकघर शुक्रवारी संध्याकाळी चार तासांसाठी पंचेचाळीस डॉलरला मिळाले, पण अर्जाला त्यांच्या चालू परवान्याची प्रत आणि वापराचे संमतिपत्र जोडायचे होते आणि ते देणाऱ्या बाई सुट्टीवर होत्या. त्या बुधवारी, २ ऑक्टोबरला परतल्या. मेळाव्याआधीचे चौदा दिवस शनिवारी, ५ तारखेला भरत होते, म्हणजे कार्यालयाच्या हिशेबाने शुक्रवारची दुपार. मधले पाच दिवस मी रोज रात्री आराखडा नव्याने काढत होते. दहा फूट बाय दहा फूट मंडप, मंडपाबाहेर तळणाचे टेबल, हात धुण्यासाठी तोटी असलेले पाण्याचे पिंप, खाली बादली, भांड्यांसाठी धुणे, विसळणे आणि निर्जंतुक करणे अशी तीन घमेली. आराखडा फार सुबक काढायची गरज नसते. फक्त त्यात हात धुण्याची जागा कुठे आहे, हे पहिल्या नजरेत दिसले पाहिजे, कारण तपासणारा आधी तेच शोधतो.

गुरुवारी, ३ ऑक्टोबरला घटस्थापनेच्या दिवशी मी सगळे कागद स्वतः नेऊन दिले. ॲलर्जीविषयक प्रशिक्षण ऑनलाइन अर्ध्या तासात झाले होते, त्याचे दहा डॉलर. अन्नसुरक्षेचे मोठे प्रमाणपत्र समितीतल्या एका निवृत्त बाईंकडे होते. त्यांनी अनेक वर्षे शाळेच्या भोजनगृहात काम केले होते, त्यामुळे ती परीक्षा वाचली. परवान्याचे शुल्क पस्तीस डॉलर, तेही फक्त धनादेशाने. घरात चेकबुक शोधायला पाऊण तास लागला.

मंगळवारी, ८ तारखेला फोन आला, की आरोग्य विभागाची हरकत नाही, आता अग्निशमन दलाकडे जावे. १४ ऑक्टोबरचा सोमवार सुट्टीचा होता. १५ तारखेला एक अधिकारी वाचनालयाच्या आवारात येऊन जागा पाहून गेले. त्या शरदात आमच्याकडे पाऊस जवळजवळ पडलाच नव्हता, गवत पिवळे होऊन करकरत होते आणि ते साहजिकच सावध होते. तळण मंडपाखाली नाही, त्यापासून दहा फूट दूर. खाली गवत नको, फरशी हवी. मंडपाच्या कापडावर ज्वालारोधक असल्याची पट्टी हवी. आणि तळणाच्या तेलासाठी असलेले के वर्गाचे अग्निशामक नळकांडे हाताशी हवे. घरातले नेहमीचे लाल नळकांडे या कामाचे नाही, हे मला माहीत नव्हते. तेलाची आग विझल्यासारखी वाटून पुन्हा भडकते, तर के वर्गातले द्रावण तेलावर साबणासारखा थर धरून तिला दाबते आणि थंड करते, असे त्यांनी समजावले. ते तीस डॉलरला भाड्याने मिळाले.

त्यांनीच विजेबद्दल विचारले आणि आम्हांला वाचवले. आमच्याकडे अठराशे वॅटचे दोन विद्युत तळणयंत्र होते, एक माझे आणि एक शेजारच्या आजींचे. इथल्या १२० व्होल्टवर एक यंत्र पंधरा अँपिअर खाते. दोन्ही एकाच सर्किटवर लावली असती तर पहिल्या मिनिटाला वीज गेली असती. आम्ही त्यांच्यासमोरच लावून पाहिली, आणि गेली. मग एक वाचनालयाच्या मागच्या भिंतीवरून आणि दुसरे पुढच्या दारातून, जाड वायरीने, अशी योजना ठरली. परवाना गुरुवारी, १७ तारखेला संध्याकाळी चार वाजता ईमेलने आला. मेळाव्याला दीड दिवस होता. तोवर मी सायडर आणून ठेवले होते, कारण परवाना आला नसता तरी ते प्यायला चालले असते. लोणी-अंडी मात्र घेतली नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या स्वयंपाकघरात आम्ही पाच जण जमलो. साडेचार लिटर सायडर तीन पातेल्यांत आटवले, बारा वेळा पीठ गोळा केले, लाटले, कापले आणि कागद घातलेल्या ताटांवर २१६ कडी मांडून रात्रभर शीतकपाटात ठेवली. रात्रभर राहिल्याने सोड्याचा जोर थोडा ओसरतो. तापल्यावर पुन्हा फुगवणारी दुहेरी क्रियेची बेकिंग पावडर असल्याने ते निभावते. तरी शक्य असेल तर सकाळी भिजवलेले अधिक हलके होतात, हे मी आधी घरी दोन्ही करून पाहिले होते. सासूबाईंनी केस बांधून, हातमोजे घालून लाटायला मदत केली. त्यांच्या सगळ्या पोळ्या जाडीला अगदी सारख्या होत्या. माझ्या नव्हत्या.

शनिवारी सकाळी स्वच्छ ऊन होते. साडेआठला तपासणीस आले. त्यांनी आधी पिंपाच्या तोटीखाली स्वतःचे हात धुतले, मग शीतपेटीत थर्मामीटर खुपसला, एक्केचाळीस फॅरनहाइटच्या खाली आकडा पाहून मान हलवली, निर्जंतुक करण्याच्या पाण्यात रंग बदलणारी कागदी पट्टी बुडवली आणि घटकांची पाटी वाचली. गहू, दूध, अंडी हे शब्द मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितले. बारा मिनिटांत सगळे आटोपले. चार आठवडे ज्या क्षणाची धास्ती घेतली होती, तो असा सपक निघाला.

दहाला सुरुवात केली. प्रत्येक यंत्रात चार नग, चार मिनिटांना एक घाणा, म्हणजे तासाला सव्वाशेच्या आत. हे गणित मी आधी मांडले होते, पण रांग गणित पाहत नाही. सव्वादहाला वीस माणसे उभी होती आणि कोणीतरी घाईने एका यंत्रात सहा नग सोडले. काटा खाली गेला, डोनट हसले, तेल प्याले. ते नऊ नग, म्हणजे सहा हे आणि तीन उलटताना मोडलेले, बाजूला काढून ठेवले. त्यानंतर मी थर्मामीटरवर स्वतः उभी राहिले आणि रांगेकडे पाहणे बंद केले. रांगेतल्या लोकांना थांबण्याचे काही वाटत नाही, असेही दिसले. त्यांना समोर तळताना पाहायचेच होते, काचेपलीकडच्या यंत्राकडे मी पाहत होते तसे. बारा वाजून दहा मिनिटांनी शेवटचा घाणा निघाला.

हिशेब असा. चाचणीचे चार, बिघडलेले नऊ आणि मदतनिसांनी खाल्लेले पाच वगळून १९८ डोनट दोन डॉलरप्रमाणे गेले, म्हणजे ३९६ डॉलर. परवाना ३५, प्रशिक्षण १०, स्वयंपाकघर ४५, नळकांडे ३०, तेल ४२, सायडर १७, बाकी जिन्नस ५८, पिशव्या, हातमोजे व पट्ट्या २१, असा खर्च २५८. वाचनालयाला १३८ डॉलर मिळाले. तेवढ्यासाठी चार आठवडे घालवायचे का, हा प्रश्न माझ्या नवऱ्याने रविवारी विचारला आणि तो रास्त आहे. दर तीन डॉलर ठेवला असता तर आकडा बरा दिसला असता. पण हे मला नंतर सुचले.

एक काम कोणीच मोजत नाही, ते म्हणजे उरलेले तेल. मोरीत ओतायचे नसते, कचऱ्यातही टाकायचे नसते. दोन्ही यंत्रे निवायला तीन तास लागले. मग गाळून जवळजवळ अकरा लिटर तेल मूळच्याच डब्यात भरले आणि पुढच्या शनिवारी गावच्या कचरा संकलन केंद्रावर नेले. तिथे वापरलेल्या तेलाचे वेगळे पिंप असते. तिथल्या माणसाने झाकण उघडून आत पाहिले, वाकून एकदा वास घेतला आणि विचारले, की सायडर डोनट होते का, आणि एखादा उरला आहे का.